स्मशानभूमी आणि नफा : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात १८९७ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजाराची जागा, वजनमापे, दलाली व बाजारशुल्क यांचे कायद्याने नियमन सुरू झाले. हिंदुस्थानातील बाजारनियमनाच्या कायद्यांत हा आद्य गणला जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी, पाठोपाठ आलेले लोहमार्ग आणि त्यांच्या आश्रयाने उभे राहिलेले जिन व प्रेस यांच्यामुळे या प्रांतात पिकालाच नव्हे, तर जमिनीलाही बाजारभाव आला. जमीन गहाण पडू लागली, लिलावात निघू लागली, सावकाराच्या खात्यावर चढू लागली. ज्या प्रांताने बाजार इतक्या लवकर ओळखला, त्याच प्रांतात गावोगाव जमिनीचा एक तुकडा मात्र बाजाराबाहेर राहिला. त्यावर सारा बसला नाही, तो कोणी गहाण ठेवला नाही, त्याचा लिलाव झाला नाही. तो तुकडा म्हणजे गावाचा मसणवटा.

स्मशानभूमी व कब्रस्तान ही नफ्याची साधने होऊ नयेत, ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. वास्तविक असा नफा करू नये, असे स्पष्ट शब्दांत सांगणारे एखादे कलम आपल्या कायद्यात शोधू गेल्यास हाती लागत नाही. नफ्यासाठी ज्या तीन गोष्टी लागतात, त्या मात्र कायद्याने व रूढीने एकेक करून बंद केलेल्या आढळतात : जमिनीची निर्वेध मालकी, दर ठरविण्याची मोकळीक आणि माल विकून बाजूस होण्याची सोय. हे तिन्ही दरवाजे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी बंद झाले. ते कसे झाले हे पाहणे आणि त्यांच्या बंद होण्याची किंमत कोणी मोजली हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. काळी, पांढरी आणि मसणवटा

महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणे वऱ्हाडातही गावाची जमीन लोकव्यवहारात दोन भागांत विभागली जात असे. लागवडीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर कुणब्याचा हक्क व सरकारचा सारा. पांढरीवर गावाची घरे, देवळे, चावडी. मसणवट्याची गणना या दोहोंपैकी कशातही नीट होत नाही. तो बहुधा ओढ्याच्या वा नदीच्या काठी, पांढरीच्या बाहेर पण काळीच्या उपयोगात न येणारा असा असावयाचा. त्याचा धनी कोण, या प्रश्नाला गावाजवळ एकच उत्तर होते : गाव.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले आणि प्रत्येक तुकड्यासमोर खातेदाराचे नाव व आकार लिहिला जाऊ लागला. मोजणी करणाऱ्या अंमलदारापुढे त्या वेळी एक पेच उभा राहणे अपरिहार्य होते. ज्या जमिनीस खातेदार नाही आणि जिचे उत्पन्न नाही, ती कागदावर कशी उतरवावयाची? रयतवारी पद्धतीने हा पेच सोडविला तो अशा जमिनी सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याची नोंद करून. गुरचरण, गावठाण, खळवाड, रस्ते यांच्या पंक्तीस दहनभूमी व दफनभूमी बसली.

हीच परंपरा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत उतरली आहे. तिच्या २२ व्या कलमान्वये भूमापन अधिकाऱ्यास व जिल्हाधिकाऱ्यास शासनाच्या मालकीची बिनताब्याची जमीन दफनभूमी वा दहनभूमीसाठी राखून ठेवता येते, आणि अशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नाही. याहूनही बोलकी तरतूद पोटखराबाच्या वर्गीकरणात सापडते. एखाद्या खातेदाराच्या सर्व्हे नंबरातच जर लोकांची वा एखाद्या समाजाची दहनदफनाची जागा असेल, तर तेवढा भाग 'पोटखराब, वर्ग ब' धरला जातो. त्यावर आकारणी होत नाही. म्हणजे सभोवारच्या शेतीला लागू होणारा हिशेब या तुकड्यापुरता महसुलाने स्वतःच स्थगित ठेवला. जी जमीन उत्पन्नाची नव्हे असे सरकारच मानते, तिच्यातून खाजगी उत्पन्न काढण्यास आधार उरत नाही. पहिला दरवाजा अशा रीतीने महसुली दप्तरात बंद झाला.

येथे एका व्यावहारिक गोष्टीची नोंद करणे अगत्याचे आहे. वऱ्हाडात पुष्कळ शेतकरी कुटुंबे आपल्या मृतांना स्वतःच्याच शेतात अग्नी देतात किंवा माती देतात. बांधावर एखादा ओटा वा समाधी दिसते ती याच चालीमुळे. ज्याला शेत आहे त्याला मसणवट्याची गरज त्या मानाने कमी. ज्याला शेत नाही, त्याला मात्र गावाच्या जागेवाचून गत्यंतर नाही. स्मशानभूमी सार्वजनिक राहणे हा भूमिहीनाच्या दृष्टीने निव्वळ धर्माचा वा भावनेचा प्रश्न उरत नाही. तो जमिनीच्या वाटणीचाच एक प्रश्न ठरतो.

२. अर्पण आणि त्याची अटळता

दुसरा दरवाजा, म्हणजे विकून बाजूस होण्याचा, बंद झाला तो धर्मादायाच्या कल्पनेने. अंत्यविधी म्हटला की दहन हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु वऱ्हाडात दफन करणारे समाज थोडे नाहीत. मुसलमान व ख्रिस्ती यांच्याखेरीज लिंगायत, गोसावी आणि महानुभाव यांच्यात पुरण्याचीच चाल आहे. महानुभावांचे परमस्थान रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच असल्याने या पंथाच्या चालीरीतींना येथे विशेष महत्त्व आहे. दहन करणाऱ्या समाजांतही तान्ह्या मुलांना बहुधा मातीच दिली जाते. दहनाची जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळी होते; दफनाची जागा होत नाही. जेथे माती दिली ती जमीन कायमची गुंतते. यास्तव दफनभूमीसाठी जमीन देणाऱ्याने ती परत मागण्याची सोय ठेवून चालत नाही.

इस्लामी विधीत ही गोष्ट वक्फच्या कल्पनेत सर्वांत रेखीवपणे मांडली आहे. वक्फ केलेली मालमत्ता दात्याची राहत नाही. ती विकता, वाटता वा वारसाहक्काने घेता येत नाही, आणि तिचा उपयोग अर्पण केलेल्या कामासाठीच व्हावयाचा. दस्तऐवज नसतानाही केवळ दीर्घकालीन वापरावरून एखादी जागा कब्रस्तान म्हणून अर्पित झाली आहे असे मानण्याची परंपरा न्यायालयांनी पुष्कळ काळ स्वीकारली होती आणि १९९५ च्या वक्फ कायद्यातही ती होती. २०२५ च्या दुरुस्तीने वापरावरून वक्फ ठरण्याचा मार्ग पुढील काळासाठी काढून टाकला. तेव्हापासून जुन्या जागांच्या नोंदीस आणि कागदपत्रांस पूर्वीपेक्षा अधिक मोल आले आहे, हे संशोधकांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

हिंदू, जैन व इतर समाजांच्या संस्थांसाठी हेच कार्य सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने केले. जुन्या मध्यप्रदेशात असताना वऱ्हाडास १९५१ चा मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास कायदा लागू होता. राज्यपुनर्रचनेनंतर त्याची जागा १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने घेतली, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. या कायद्यान्वये न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्ताच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, आणि विश्वस्तास न्यासाच्या उत्पन्नात स्वतःचा वाटा नसतो. अमरावतीच्या हिंदू स्मशान संस्थेसारख्या संस्था याच विचाराच्या चौकटीत उभ्या आहेत. लाकूड, देखभाल, दिवाबत्ती, नोकरांचे पगार यांसाठी शुल्क घेण्यास त्यांना प्रत्यवाय नाही. शिल्लक राहील ती मात्र त्याच कामी लागली पाहिजे.

शुल्क आणि नफा यांतील हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. विनानफा म्हणजे विनामूल्य नव्हे. सरण फुकट येत नाही आणि खड्डा खणणाऱ्याचे श्रमही फुकट नसतात. प्रश्न असतो तो शिलकेवर कोणाचा हक्क, हा. सार्वजनिक न्यासात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : कोणाही व्यक्तीचा नाही.

३. नगरे, रोगराई आणि दराचा प्रश्न

खेड्यात रूढीने जे साधले ते वाढत्या शहरात साधणे शक्य नव्हते. अमरावती व अकोला ही कापसाच्या व्यापाराने फुगलेली शहरे. तेथे देशोदेशीचे व्यापारी, हमाल, गिरणीकामगार येऊन राहिले. त्यांना 'गावाचा मसणवटा' नव्हता, कारण ते त्या गावचे नव्हते. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ व रोगराई यांनी प्रांत हैराण झाला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. जी लोकसंख्या एरवी वाढावयाची, ती एका दशकात जवळजवळ दीड लाखाने घटली. या आकड्यामागे किती चिता व किती कबरी असतील याची कल्पना करता येते. अशा काळी मृतांची व्यवस्था ही नातलगांची खाजगी बाब राहू शकत नव्हती.

हाच अनुभव इंग्लंडने अर्धशतक आधी घेतला होता, आणि तेथील उदाहरण या ठिकाणी उपयोगी आहे. कारण तेथे प्रथम नफ्याचा मार्ग चोखाळून पाहण्यात आला. लंडनमधील चर्चच्या आवारांत जागा उरली नाही तेव्हा भागभांडवलाच्या कंपन्यांना दफनभूमी काढण्याची परवानगी पार्लमेंटने दिली. १८३२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कंपनीने १८३३ मध्ये केन्सल ग्रीन येथे पहिली मोठी दफनभूमी उघडली. सधन वर्गाची सोय झाली. गरिबांचे मृतदेह मात्र दाटीवाटीच्या जुन्याच आवारांत जात राहिले. १८४३ मध्ये एडविन चॅडविक याने या विषयावर जो अहवाल सादर केला त्यात दफनाची व्यवस्था सार्वजनिक हाती घ्यावी असा आग्रह धरला होता. १८५२ पासूनच्या दफनविषयक कायद्यांनी स्थानिक मंडळांना लोकांच्या करातून दफनभूमी काढण्याचे अधिकार दिले. म्हणजे इंग्रजी कायद्याने स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी टाकली ती बाजाराचा प्रयोग अपुरा ठरल्यानंतर.

वऱ्हाडात नगरपालिकांचा कारभार ज्या कायद्यांनी चालला ते याच विचारपरंपरेतून आले. १८८६ चा वऱ्हाड म्युनिसिपल कायदा, पुढे वऱ्हाडासही लागू झालेला मध्यप्रांताचा १९२२ चा नगरपालिका कायदा आणि महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा १९६५ चा नगरपालिका कायदा अशी ही मालिका आहे. अमरावतीस १९८३ मध्ये व अकोल्यास २००१ मध्ये महानगरपालिका झाली. तेथे आज १९४९ च्या मूळ मुंबई कायद्यावरून आलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे, त्यांचे नियमन करणे व नव्या जागा उपलब्ध करून देणे हे त्यात पालिकेचे आवश्यक कर्तव्य मानले आहे. अशा प्रत्येक जागेची नोंदणी झाली पाहिजे आणि आयुक्ताच्या परवानगीवाचून नवी जागा उघडता कामा नये, असाही निर्बंध आहे. खेड्यांपुरते हेच काम १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीकडे सोपविले. त्याच्या पहिल्या अनुसूचीत दहन व दफनभूमी सुस्थितीत राखणे व त्यांचे नियमन करणे हा विषय नमूद आहे.

या कर्तव्याचा परिणाम दरावर होतो. जेथे पालिकेस स्वतःच जागा पुरवावी लागते, तेथे दुसऱ्या कोणास मनमानी दर लावणे कठीण जाते. तिसरा दरवाजा असा बंद झाला. कर आकारणीच्या बाबतीतही कायद्याची दृष्टी हीच दिसते. २०१७ मध्ये वस्तू व सेवाकर आला तेव्हा अंत्यविधी, दहन, दफन व शवागार यांच्या सेवा, मृतदेहाच्या वाहतुकीसह, पुरवठाच नव्हेत असे त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत म्हटले. सवलत देणे वेगळे आणि व्यवहारच न मानणे वेगळे. येथे कायद्याने दुसरा मार्ग पत्करला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

४. बाजार येथे का चालत नाही?

आतापर्यंत 'कसे' याचा विचार झाला. आता 'का' याकडे वळू. १८९७ च्या कापूस बाजाराशी तुलना केल्यास उत्तर सोपे होते. बाजारनियमनाचा कायदा गृहीत धरतो की शेतकरी आपली गाडी परत नेऊ शकतो, दुसऱ्या अडत्याकडे जाऊ शकतो, भाव पडला तर थांबू शकतो. ही मोकळीक खरी ठरावी म्हणूनच तोल व दलालीचे नियम करावयाचे. मृताच्या घरच्यांना यांपैकी एकही मोकळीक नसते. त्यांना थांबता येत नाही. चार ठिकाणी भाव विचारीत फिरता येत नाही. दुःखात असताना घासाघीस करणे त्यांना स्वतःलाच लाजिरवाणे वाटते. ज्या ग्राहकास नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे विक्रेत्यास मर्यादा घालणारे बाजारात काहीच उरत नाही.

दुसरे कारण काळाचे आहे. दफनभूमीचा विक्रेता पैसा आज घेतो; जपणुकीचे त्याचे वचन मात्र निरवधी असते. सर्व जागा विकल्या गेल्या की नवे उत्पन्न थांबते, खर्च थांबत नाही. नफा काढून घेऊन कंपनी मोडली, तर कुंपण कोणी दुरुस्त करावयाचे? मृत तक्रार करू शकत नाहीत आणि त्यांचे नातवंड गाव सोडून गेलेले असते.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. न्यूयॉर्क राज्याने १८४७ मध्येच कायदा करून दफनभूमीसाठी विनानफा संघ स्थापण्याची सोय केली. परंतु जमिनीची किंमत संघाने भावी विक्रीतील हिश्श्याच्या रूपाने फेडावी अशा करारांमुळे, संघ विनानफा आणि जमीनदार मात्र नफ्यात, असा प्रकार तेथे घडू शकला. १९४९ मध्ये त्या राज्यास देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. केवळ संस्थेच्या नावापुढे 'विनानफा' हा शब्द लावल्याने काम भागत नाही. पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो हे पाहावे लागते, हा त्या इतिहासाचा धडा. आपल्याकडेही न्यासाच्या हिशेबतपासणीचे महत्त्व यातच आहे.

तिसरे कारण भौतिक आहे. दफनासाठी एकदा वापरलेली जमीन बाजारात परत येऊ शकत नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानाने २९७ व्या कलमात दफनस्थानी अनधिकार प्रवेश करून मृतांची विटंबना वा लोकांच्या भावनांचा अवमान करणे हा गुन्हा ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ही तरतूद ३०१ व्या कलमात कायम आहे. ज्या मालाचा ताबा मालकालाही यथेच्छ वापरता येत नाही, तो माल म्हणून अपुराच असतो.

५. बिननफ्याची किंमत कोणी मोजली?

येथवरचा वृत्तान्त समाधानकारक वाटतो. परंतु तो येथेच थांबविला तर इतिहासाशी प्रतारणा होईल. मसणवट्यावर नफा नव्हता हे खरे. तेथे काम मात्र होते. सरपण वाहणे, खड्डा खणणे, मर्तिकाचा सांगावा परगावी पोचविणे ही कामे गावगाड्यात महाराकडे होती. त्यांचा मोबदला रोखीने ठरलेला नसे. बलुत्याचे धान्य आणि प्रेतावरील वस्त्र हा त्याचा हक्क. महारांचे म्हणून जे बावन्न हक्क परंपरेने सांगितले जातात त्यांत मढ्यावरच्या कापडाचा समावेश होतो. मनुस्मृतीतही चांडाळाने प्रेतावरील वस्त्रे नेसावीत आणि बेवारशी प्रेते वाहावीत असा दंडक सापडतो. हरिश्चंद्राच्या आख्यानात स्मशानाचा राखणदार झालेला राजा स्वतःच्या मृत पुत्राच्या दहनासाठीही मूल्य मागतो. कीर्तनकार त्या प्रसंगी राजाच्या सत्यनिष्ठेची थोरवी गातात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : राजाला जे क्षणभराचे संकट वाटले, ते ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जिणे होते त्यांचे काय?

'हक्क' हा शब्द येथे फसवा आहे. ज्याला नाकारता येत नाही असे काम आणि ज्याला दुसरा कोणी हात लावणार नाही असे वस्त्र, यांच्या जोडीस हक्क म्हणण्यात गावाची सोय होती. स्मशानभूमीचा कारभार स्वस्त राहिला त्याचे एक कारण असे की त्यातील श्रमाची खरी मजुरी कधी हिशेबात धरलीच गेली नाही. जमिनीतून नफा काढू नये हा नियम गावाने पाळला. माणसाच्या श्रमातून तो काढला, हे मात्र त्याला दिसले नाही. स्मशानाच्या आश्रयाने भिक्षा मागून राहणारा मसणजोगी हाही याच व्यवस्थेच्या कडेला ढकललेला.

याविरुद्धचा झगडा वऱ्हाडात लवकर सुरू झाला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद भरली. तिच्यापुढील मुख्य प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता, आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्यांचा त्या चळवळीस पाठिंबा होता. मंदिर असो, पाणवठा असो वा स्मशान असो, वादाचे मूळ एकच : 'सार्वजनिक' म्हणविणारी जागा खरोखर कोणासाठी आहे? १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे नाकारण्याची जी लाट उठली, तिने मर्तिकाच्या कामाचा हा जुना हिशेबही मोडीत काढला.

६. सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने राज्याच्या पैशावर चालणाऱ्या अथवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या जागांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली. 'अर्पण' हा शब्द येथे पुन्हा भेटतो, आणि त्याचा अर्थ विस्तारलेला दिसतो. पूर्वी अर्पणाचा आशय एवढाच होता की दात्याने जमीन परत मागू नये. आता त्याचा आशय असा झाला की कोणासही तेथून परत पाठवू नये. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने दहन व दफनभूमीचा उल्लेख नावानिशी करून तेथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. २०१५ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यातही दहन व दफनभूमीच्या समान वापरास अडथळा आणणे हा अपराध म्हणून घातला आहे. साठ वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली, यावरून रोग किती जुनाट आहे हे समजते.

प्रत्यक्षात अडवणूक होते ती पुष्कळदा फाटकापाशी नव्हे, तर वाटेवर. मसणवटा गावाचा असतो. तेथे जाणारी पायवाट मात्र एखाद्याच्या शेतातून जाते. पावसाळ्यात पेरणी झाली की ती वाट नाहीशी होते आणि प्रेतयात्रा बांधावर खोळंबते. वाट ही बाब विदर्भाच्या महसुली दप्तरास अपरिचित नाही. महसूल संहितेत विदर्भासाठी ज्या विशेष तरतुदी आहेत त्यांत निस्तारपत्रकाबरोबर वाजिब-उल-अर्ज ठेवण्याची व्यवस्था आहे, आणि गावातील वहिवाटीच्या वाटांच्या हक्कांची नोंद त्यात व्हावयाची असते. जेथे ही नोंद स्पष्ट आहे तेथे तंटा मिटविण्यास आधार मिळतो. या दृष्टीने अमरावती व अकोला जिल्ह्यांतील वाजिब-उल-अर्जांचा गाववार अभ्यास करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेण्याजोगे काम आहे. कोणत्या गावी मसणवटे किती, ते कोणत्या समाजाच्या नावे नोंदलेले आहेत आणि त्यांच्या वाटा कोणाच्या सर्व्हे नंबरातून जातात, एवढे जरी मांडले तरी गावगाड्याचा एक नकाशा तयार होईल.

२०२० च्या महामारीत या सर्व प्रश्नांची एकदमच कसोटी लागली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी वांद्रे येथील दफनभूमींसंबंधीच्या प्रकरणात प्रतिष्ठापूर्वक अंत्यविधीचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे मानले. अकोल्यात नातलग जवळ येऊ शकत नव्हते किंवा येण्यास धजत नव्हते, अशा वेळी कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी मुसलमान मृतांना माती दिली आणि अनेक हिंदू मृतांना अग्नीही दिला. जे काम गावगाड्याने एका जातीच्या माथी मारले होते, ते येथे माणसांनी आपण होऊन उचलले. बिननफ्याचा खरा अर्थ कोणता, हे या घटनेवरून कळावे.

एकंदर विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. स्मशानभूमी बाजाराबाहेर ठेवण्याचा नियम कोणा एका कायदेकाराच्या बुद्धीतून निघालेला नाही. महसुलाची नोंद, धर्मादायाचे अर्पण आणि पालिकेचे कर्तव्य या तीन प्रवाहांच्या संगमातून तो साकारला. हे पहिले. दुसरे असे की, हा नियम जमिनीपुरता पाळला गेला म्हणजे पुरा झाला असे होत नाही. तेथे काम करणाऱ्यास योग्य वेतन मिळते काय, आणि तेथवर जाणारी वाट सर्वांना सारखीच मोकळी आहे काय, या दोन कसोट्यांवर प्रत्येक स्मशानभूमीचा हिशेब तपासला पाहिजे. सार्वजनिक न्यासाची जमाखर्चाची वही पैशाची शिल्लक दाखवील; ही दुसरी शिल्लक शोधण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे.